घरातील जुने शिलाई यंत्र : दुरुस्ती आणि हिशेब

घराची वाटणी, स्थलांतर किंवा दिवाळीपूर्वीची आवराआवर निघाली की काही वस्तूंपाशी निर्णय अडतो. जुने औद्योगिक शिलाई यंत्र ही त्यांतलीच एक वस्तू. कधी ते वडिलोपार्जित कापड दुकानाच्या माडीवर कारागिरांसाठी घेतलेले असते, कधी बंद पडलेल्या तयार कपड्यांच्या व्यवसायातून वाट्याला आलेले असते. काळा रंग, सोनेरी अक्षरांच्या पुसट खुणा, बिडाचा जड सांगाडा आणि चाक फिरवू गेल्यास जागचे न हलणारे अंग. भंगारवाला त्याचा भाव किलोवर सांगतो. घरातील मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि अनेकदा पाच मिनिटांत व्यवहार उरकतो.

हा व्यवहार बऱ्याच वेळा तोट्याचा असतो. न फिरणारे यंत्र मोडलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते केवळ आटलेल्या तेलाने जखडलेले असते. त्याच घरात एखादी सून किंवा लेक परकर, ब्लाऊज, शाळेचे गणवेश शिवून चार पैसे मिळवू पाहत असते आणि हलक्या घरगुती मशीनवर जाड कापड ओढताना सुया मोडत असते. माडीवरील यंत्र तिच्या हाती आले तर तिच्या कामाची जात बदलते. म्हणून यंत्र विकण्यापूर्वी त्याची नीट तपासणी होणे अगत्याचे आहे, आणि या तपासणीचा मोठा भाग घरीच करता येतो.

यंत्राची ओळख

प्रथम यंत्र कोणते आहे हे पाहावे. आपल्याकडील शिंप्यांच्या दुकानांत सिंगर कंपनीच्या ३१ या वर्गातील यंत्रे फार वापरली गेली. पाट्यावरील छोट्या पितळी पट्टीवर ‘३१ के’ असे आरंभाचे अक्षरांक असतील, तर त्यातील ‘के’ हे अक्षर किलबोवी या जागेचे निदर्शक आहे. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे किलबोवीचा हा प्रचंड कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र आजही ‘सिंगर’ असेच आहे. कारखाना गेला, पण त्याने घडविलेली यंत्रे जगभरातील लहानमोठ्या दुकानांत अजून टीप मारीत आहेत. या घडणीच्या यंत्रांसाठी आपल्या देशातही सुटे भाग तयार होतात, आणि लुधियाना हे त्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. त्यामुळे यंत्र जुने असले तरी बॉबिन, बॉबिन केस, शटल, दाते, सुईपट्टी यांसारखे नेहमी झिजणारे भाग मिळविणे सहसा अवघड जात नाही.

घरगुती आणि औद्योगिक यंत्रांतील भेद समजून घ्यावा. घरगुती यंत्र अनेक प्रकारची कामे थोडी थोडी करते. औद्योगिक यंत्र बहुधा एकच काम करते, पण ते दिवसभर न थकता करण्यासाठी घडविलेले असते. त्याचे दांडे जाड, बेअरिंगे मोठी आणि गती अधिक. आजच्या नव्या औद्योगिक यंत्रांत मिनिटाला चार ते पाच हजार टाके पडतात. जुन्या यंत्रांची गती याहून बरीच कमी असते, आणि घरी काम करणाऱ्या व्यक्तीला तीच अधिक सोयीची ठरते. नव्या यंत्राच्या पोटात तेलाची टाकी व पंप असतो. जुन्या ३१ वर्गाच्या यंत्रात प्रत्येक छिद्रात हाताने तेल सोडावे लागते. ज्या घरात हा शिरस्ता पाळला गेला तेथील यंत्रे अनेक दशके टिकली.

थोडा पूर्वेतिहास

शिलाई यंत्राचा जन्म निर्वेध झाला नाही. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमधील त्याच्या कारखान्यात लष्करी गणवेश शिवले जात असत. पोट हातावर असलेल्या शिंप्यांनी १८३१ मध्ये तेथे शिरून यंत्रांची मोडतोड केली. आपली रोजी जाईल ही त्यांची भीती होती. पुढे अमेरिकेत एलायस हाव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंटे मिळविली. वरचा आणि खालचा असे दोन धागे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकविणारा टाका तेव्हापासून रूढ झाला.

अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही या यंत्राला वेगळे स्थान आहे. सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली. एकरकमी किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या कुटुंबांनी यंत्र आधी घरी नेले आणि त्याच्याच कमाईतून हप्ते फेडले. उत्पन्न देणाऱ्या वस्तूवर कर्ज द्यावे आणि त्या उत्पन्नातून ते वसूल करावे, हे तत्त्व पुढे आपल्या बँकांनीही अंगीकारले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या विभेदक व्याजदर योजनेत दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्यात येऊ लागले. गरजू स्त्रीला शिलाई मशीन घेऊन देणे हा अशा लहान कर्जांचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना होय.

यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संभाषणात सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि माणसाला निकामी न करणारे यंत्र त्यांना मान्य होते. जुन्या यंत्रापुढे बसलेली गृहिणी पाहिली म्हणजे त्या भेदाचा अर्थ सहज ध्यानी येतो.

आरंभ : निरीक्षण आणि धीर

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे विजेचा संबंध तोडणे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवावा. औद्योगिक यंत्राच्या मोटरीत बोट किंवा साडीचा पदर ओढून घेण्याइतकी शक्ती असते. यानंतर पट्टा उतरवावा, म्हणजे दोष यंत्रात आहे की मोटरीत हे वेगळे कळते. पट्टा उतरविल्यावर चाक हाताने सहज फिरत असेल तर यंत्र बहुतांशी ठीक आहे आणि शोध मोटरीकडे वळवावा.

कोणताही भाग सोडविण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. काढलेले स्क्रू क्रमवार वाट्यांत ठेवावेत आणि प्रत्येक वाटीवर जागेचे नाव लिहावे. जुन्या सिंगर यंत्रांचे अनेक स्क्रू खास आट्यांचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातील सामान्य स्क्रू तेथे बसत नाहीत आणि जबरीने बसविल्यास बिडातील आटे कायमचे बिघडतात. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेच्या रुंदीचेच असावे. लहान पात्याने जोर लावल्यास खाच फाटते आणि मग साधे काम खर्चिक होते.

जखडलेले यंत्र मोकळे करणे

वर्षानुवर्षे पडून राहिलेले तेल हळूहळू चिकट होते आणि शेवटी रोगणासारखे घट्ट बसते. अनेक घरांत हाताशी असलेले खोबरेल तेल मशीनमध्ये सोडण्याची चाल होती. त्याने यंत्र काही दिवस हलके चालते, पण ते तेल पुढे चिकटते, आटते आणि धूळ धरते. कोणतेही खाद्यतेल यंत्रात घालू नये. शिलाई मशीनचे म्हणून मिळणारे पातळ, रंगहीन खनिज तेलच वापरावे.

आटलेले तेल सोडविण्यासाठी रॉकेलचे थोडे थेंब प्रत्येक तेलछिद्रात आणि प्रत्येक हलत्या सांध्यावर सोडावेत. मग यंत्राला वेळ द्यावा. सकाळ-संध्याकाळ थेंब सोडावेत आणि चाक दोन्ही बाजूंना अगदी अल्पसे हलवून पाहावे. दोनचार दिवसांत ते केसभर हलू लागते आणि त्यानंतर प्रगती भराभर होते. या काळात हातोडीला हात लावू नये. बीड कठीण असते तसेच ठिसूळही असते. एका घावाने त्याला तडा गेल्यास तो सांधणे घरच्या आवाक्यात राहत नाही. रॉकेल वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ देवघरातील दिवा, गॅस किंवा उदबत्ती नसावी आणि भिजलेल्या चिंध्या घरात साठवू नयेत. चाक मोकळे झाल्यावर रॉकेल व निघालेली काजळी सुती फडक्याने टिपून घ्यावी आणि सर्वत्र नवे तेल सोडावे. रॉकेल मळ काढते, पण वंगणाचे काम करीत नाही. ते तसेच ठेवून यंत्र चालविल्यास धातू धातूवर घासतो.

यानंतर सुईपट्टी काढावी. दात्यांच्या खाली कापडाचा बारीक तूस नमद्यासारखा दाबून बसलेला आढळतो. त्यामुळे दाते खाली वर नीट होत नाहीत आणि कापड पुढे सरकत नाही. शटलच्या चाकोरीत तुटलेल्या धाग्याचा एखादा तुकडा अडकला असेल तर एवढ्यानेही पूर्ण यंत्र अडते. जुना दात घासण्याचा ब्रश आणि एक चिमटा एवढ्या सामग्रीवर हे काम होते.

सुई : लहान वस्तू, मोठी तक्रार

यंत्र फिरू लागले तरी टाका पडेलच असे नाही. अशा वेळी सुईपासून आरंभ करावा. घरगुती यंत्राच्या सुईचे बूड एका बाजूने चपटे असते, त्यामुळे ती एकाच दिशेने बसते. औद्योगिक यंत्रातील ‘डीबी×१’ प्रकारच्या सुईचे बूड पूर्ण गोल असते आणि ती कशीही फिरू शकते. तिची लांब खाच धागा ज्या बाजूने ओवला जातो त्या बाजूस, आणि नाकाजवळील खोलगट भाग शटलच्या टोकाकडे यावा लागतो. सुई थोडी तिरपी बसली तरी टाके सुटतात. घरगुती सुई औद्योगिक यंत्रात बसविणे ही तर नित्याची चूक. तिची लांबी व जाडी वेगळी असल्याने शटल तिच्या धाग्यापर्यंत पोहोचतच नाही.

सुईचा क्रमांक कापडाप्रमाणे निवडावा. १४ क्रमांकाची सुई म्हणजे मिलिमीटर मापात ९०, अर्थात ०.९ मिलिमीटर जाडीची. साध्या सुती कापडास ती चालते. गणवेशाच्या जाड कापडास १६, तर जीन्ससारख्या कापडास १८ क्रमांकाची सुई लागते. बोथट सुई टक् टक् असा आवाज करते व कापडाचे तंतू ओढते. ती लगेच बदलावी.

सुई आणि शटल यांचा मेळ

नवी सुई योग्य बसवूनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटल यांच्या वेळेचा मेळ तपासावा लागतो. टाका पडण्याची क्रिया ध्यानात घेतली तर हे काम गूढ वाटत नाही. सुई तळाला जाऊन वर येऊ लागते, तेव्हा कापडात धरला गेलेला धागा तिच्याबरोबर लगेच वर येत नाही आणि सुईमागे त्याचा लहानसा फुगा तयार होतो. शटलचे टोक नेमके त्या क्षणी त्या फुग्यात शिरते, धागा बॉबिनभोवती फिरवून आणते आणि वरचा धागा ओढणारा दांडा गाठ कापडात आवळतो. तळापासून सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वर आल्यावर शटलचे टोक सुईच्या मागे, नाकाच्या किंचित वर यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. टोक आणि सुई यांत कागदाच्या जाडीएवढे अंतर असावे. टोक सुईला घासू नये आणि दूरही राहू नये.

सुई एखाद्या टाचणीवर किंवा जाड शिवणीवर आदळली म्हणजे सुईदांडी आपल्या जागेवरून सरकते आणि हा मेळ बिघडतो. तोंडाकडील झाकण काढल्यावर सुईदांडी धरणारा स्क्रू दिसतो. तो सैल करण्यापूर्वी दांडीच्या मूळ जागेची खूण करून ठेवावी. नंतर दांडी थोडी वर किंवा खाली घेऊन चाक हाताने फिरवावे व पुन्हा पाहावे. येथे एक शिस्त कटाक्षाने पाळावी : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून तो वहीत लिहावा. जमाखर्चात फरक आला की एकेक नोंद पडताळावी लागते, तसेच हेही आहे. चार स्क्रू एकदम फिरविणाऱ्याला मूळ चूक कधीच सापडत नाही.

धाग्याचा ताण

टिपेच्या खालच्या बाजूस धाग्याची वेटोळी दिसली तर पुष्कळ जण बॉबिन दोषी धरतात. वस्तुतः तेव्हा वरचा धागा सैल असतो किंवा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. उलट, वरचा धागा कापडावर सरळ रेषेसारखा पडून राहिला आणि खालचा धागा ठिपक्यांसारखा वर डोकावला, तर वरचा ताण अधिक झाला असे समजावे. चकत्यांमध्ये गंज किंवा तूस अडकल्यास ताण बदलत राहतो. म्हणून स्क्रू पिळण्याआधी चकत्या पुसून घ्याव्यात. खालचा ताण पाहण्याची सोपी रीत अशी : भरलेली बॉबिन केस धाग्याने लोंबकळत धरावी. ती आपोआप खाली घसरू नये, पण हलका झटका दिल्यावर थोडी उतरावी.

मोटर, पट्टा आणि गती

जुन्या यंत्रांना बहुधा क्लच मोटर जोडलेली असते. ती बटण दाबल्यापासून सतत फिरत राहते, गुणगुणते आणि हात रिकामे असतानाही वीज खाते. आता सर्व्हो मोटर मिळते. ती पायपट्टी दाबली तेवढाच वेळ फिरते आणि तिची गती मर्यादित करता येते. शिकाऊ हातासाठी आणि फ्लॅटमधील शेजारधर्मासाठी ती अधिक योग्य होय.

क्लच मोटर ठेवायची असल्यास गतीचे गणित सोपे आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल, तिच्या पुलीचा व्यास ५० मिलिमीटर आणि यंत्राच्या चाकाचा १०० मिलिमीटर असेल, तर यंत्र ७२० फेरे घेईल. एका फेऱ्यास एक टाका, म्हणजे मिनिटाला ७२० टाके. मोटरीची पुली लहान केली की गती उतरते आणि जाड कापडावरील ओढ वाढते. जुन्या तारांवरील आवरण तडकलेले असल्यास, किंवा अर्थिंग नसल्यास, ते काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटर नव्याने जोडल्यावर चाक योग्य दिशेने फिरते आहे ना, हे सुई काढून तपासावे. पायाने चालणाऱ्या यंत्रांना पूर्वी चामड्याची वादी असे. आता रबराचे व कृत्रिम पट्टेही मिळतात. चामडे वर्ज्य असलेल्या घरांची त्यामुळे चांगली सोय झाली आहे.

कोठे थांबावे

घरी करण्याच्या कामाला सीमा आहे. सुईदांडी हाताने हलवून पाहता ती आजूबाजूला खेळत असेल, मुख्य दांडा चाकाशी धरून वरखाली हलत असेल, किंवा बिडाला तडा असेल, तर अनुभवी कारागिराकडे जावे. शटलच्या टोकावरील बारीकशी खर अतिबारीक पॉलिश पेपरने काढता येते. टोकच झिजले असेल तर शटल बदलणे हाच मार्ग. गावोगावी जुन्या यंत्रांचे जाणकार कमी होत चालले आहेत. त्यांना घरी बोलावल्यास घरातील तरुणांनी शेजारी बसून काम पाहावे. एका दुपारच्या पाहण्याने पुढील अनेक फेऱ्या वाचतात.

अखेरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू : यंत्र ठेवावे की विकावे? हिशेबाच्या वहीत अशा यंत्राचा घसारा केव्हाच पूर्ण झालेला असतो आणि त्याचे पुस्तकी मूल्य शून्यवत असते. भंगाराचा भाव हे त्याचे अवशिष्ट मूल्य. परंतु निर्णय या दोन आकड्यांवर घेणे योग्य नाही. कागदावर तीन रकमा मांडाव्यात. पहिली, दुरुस्तीचा एकूण खर्च : सुटे भाग, मोटर, कारागिराची मजुरी. दुसरी, तशाच कामाच्या नव्या यंत्राची किंमत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, यंत्र चालू झाल्यास घरात दरमहा येणारी शिलाई, त्यातून धागा, सुया व वीज वजा जाता. दुरुस्तीचा खर्च काही महिन्यांच्या निव्वळ शिलाईतून भरून निघत असेल, तर यंत्र विकण्याचे कारण उरत नाही. घरात ते वापरणारे कोणीच नसेल, तर भंगारात घालण्यापेक्षा दुरुस्त करून एखाद्या शिवणवर्गास किंवा गरजू कारागिरास द्यावे. किलोच्या भावात गेलेले यंत्र भट्टीत वितळते आणि त्याबरोबर एका घराच्या मिळकतीची शक्यताही संपते.

नवे यंत्र घेणेच भाग पडले तर त्यासाठीही वाट आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत, ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद करण्यात आली. आपली पात्रता संबंधित केंद्रात तपासून घ्यावी.

दुरुस्त झालेल्या यंत्राची निगा फार मागणी करीत नाही. रोज काम संपल्यावर तूस झाडावा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक छिद्रात तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि एका चिंधीवर दहा-बारा टाके मारून जादा तेल टिपून घ्यावे. पावसाळ्यात यंत्र सुती कापडाने झाकावे. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते व गंज चढतो. यंत्राच्या खणात एक छोटी वही ठेवावी आणि तीत सुईचा प्रकार, बदललेले भाग व तारखा लिहाव्यात. पुढे ज्याच्या हाती यंत्र जाईल त्याला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही.